मजला म्हणजे किती मीटर?

"तीन मजले म्हणजे किती मीटर?" सरांनी फोनवर एवढंच विचारलं आणि मी गप्प. नऊ वर्षं झाली मला छातीचे पेशंट बघून, ऑपरेशनच्या आधीचे, नंतरचे, आयसीयूतले, आणि इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मी फिजिओथेरपिस्ट, ऑपरेशन झेपेल का ते बघायला पेशंटला जिना चढवायचा, ही जिन्याची टेस्ट माझ्याकडे, आणि मी आपली दर वेळी कागदावर लिहायची, "तीन मजले चढले, त्रास नाही," खाली सही, शिक्का, झालं. सर नवीन होते, आमच्याकडचा पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात त्यांच्याकडे फुफ्फुसाच्या ऑपरेशनला चालला होता, आणि त्यांना माझ्या त्या एका ओळीवरून काहीच कळेना. "मॅडम, आमच्या बिल्डिंगचा मजला उंच आहे, तुमचा किती आहे मला माहीत नाही, आणि तीन मजल्यांवर ते थांबले की तुम्ही थांबवलं?"

आम्ही थांबवलं होतं. खरं सांगायचं तर तिसऱ्या मजल्यावर आमचा फिजिओ विभाग आहे म्हणून तिथे थांबायचं, एवढंच कारण. पेशंट वर आला की खुर्चीवर बसवायचं, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, चहा पिणार का विचारायचं.

त्या दिवशी घरी आले ते डोक्यात तेच घेऊन. नवरा बांधकामातला माणूस, त्याला म्हटलं एका पायरीची उंची मोजते आणि गुणते पायऱ्यांच्या संख्येने, संपला विषय. तो हसला. म्हणाला सगळे राइजर, म्हणजे पायऱ्यांच्या उंच्या, सारखे असतात असं तुला कोणी सांगितलं, बेसमेंटचा जिना बहुतेक वेळा घाईत उरकलेला असतो, सगळा मोज. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला टेप घेऊन गेले. सिक्युरिटीचे भाऊ सोबत आले, त्यांना वाटलं लिफ्टचं काहीतरी काम निघालंय. आणि नवऱ्याचं बरोब्बर निघालं. बेसमेंट पार्किंगपासून तळमजल्यापर्यंत २० पायऱ्या, प्रत्येकी १८ सेंटिमीटर. तिथून गच्चीपर्यंत पाच मजले, प्रत्येकी २२ पायऱ्या, त्या १६ सेंटिमीटरच्या. म्हणजे ३.६० अधिक १७.६०, एकूण २१.२० मीटर.

आता ज्यांना हा विषय माहीत आहे त्यांना हसू आलं असेल. कारण या टेस्टमधला जो मोठा आकडा आहे, जो पार केला की सर्जन थोडा निर्धास्त होतो, तो आहे २२ मीटर. आमची अख्खी बिल्डिंग, पार्किंगपासून गच्चीपर्यंत, ८० सेंटिमीटर कमी. पाच पायऱ्या! गच्चीवर टाकीला लोखंडी शिडी आहे, भाऊ म्हणे तिच्यावर चढवा मॅडम. हो, नागपूरच्या मे महिन्यात फुफ्फुसात गाठ असलेल्या माणसाला गच्चीवरच्या तापलेल्या शिडीवर चढवते आणि मग मीच कोर्टात जाते.

पण खरा धक्का तो नव्हता. खरा धक्का बसला मी आमचे "तीन मजले" मोजले तेव्हा. तळमजल्यावरून तिसरा मजला, ६६ पायऱ्या, १०.५६ मीटर. आणि या टेस्टमधला दुसरा, खालचा आकडा आहे १२ मीटर. ज्याला १२ मीटरही चढता येत नाही त्याला धोका सगळ्यात जास्त. म्हणजे नऊ वर्षं मी ज्यांना "फिट" लिहून पाठवलं ते सगळे त्या खालच्या रेषेच्याही आत थांबले होते. थांबले नव्हते, थांबवले होते, हा फरक आहेच, पण कागदावरून तो कळायला काही मार्ग नव्हता. चढवलं असतं तर त्यातले काही गच्चीपर्यंत गेले असते आणि काही तिसऱ्या मजल्याच्या वर दहा पायऱ्यांनंतर भिंत धरून उभे राहिले असते, आणि मी दोघांच्याही कागदावर एकच ओळ लिहिली होती.

हे आकडे आले कुठून तेही सांगते, नाहीतर वाटेल मी पाठ करून फेकून राहिले. जिन्याची टेस्ट फार जुनी आहे. पूर्वीचे सर्जन स्वतः पेशंटबरोबर वॉर्डातून जिना चढायचे, गप्पा मारत, आणि बोलता बोलता पेशंटचं वाक्य तुटायला लागलं की त्यांना जे कळायचं ते कळायचं. त्याला नियम असा काही नव्हता, ज्याचा त्याचा अंदाज. मग इटलीत अँकोना इथे ब्रुनेल्ली नावाच्या सर्जननी आणि त्यांच्या टीमनी हे पद्धतशीर केलं, मजले न मोजता उंची मीटरमध्ये मोजली, पेशंट स्वतःहून थांबेपर्यंत चढू दिलं, आणि पुढे ऑपरेशननंतर कोणाचं काय झालं ते बघितलं. २००८ साली त्यांनी ६४० पेशंटचा अभ्यास छापला. २२ मीटरच्या वर चढणाऱ्यांच्या तुलनेत १२ मीटरच्या आत थांबलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १३ पट निघालं. तेरा पट. जिन्यावरून. ना मशीन, ना मास्क, ना बिल.

तर प्रश्न असा की एवढ्या भारी भारी तपासण्या असताना जिना कशाला. नातेवाईक हे रोज विचारतात. सीटी झाला, पेट स्कॅन झाला, टूडी इको झाला, ते फुंकायचं मशीन झालं, आता हे काय नवीन? त्यांचंही बरोबर आहे, आधीच पाच ठिकाणी फिरून आलेले असतात, धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही, बाबा उपाशी असतात.

मी त्यांना असं सांगते. फुंकायच्या मशीनमध्ये, म्हणजे पीएफटीत, माणूस खुर्चीत बसून जोर लावून काही सेकंद फुंकतो. त्यातून भाता कसा आहे ते कळतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली तो एक आकडा, एफईव्ही वन. दुसरा आकडा डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो. दोन्ही महत्त्वाचे, दोन्हीशिवाय सर्जन पुढे जातच नाही. पण ऑपरेशननंतरचे चार-पाच दिवस आठवा, छातीत दुखतंय, ताप आहे, कफ काढायचाय, आणि अंगाला ऑक्सिजन नेहमीपेक्षा जास्त लागून राहिला. तेव्हा एकटं फुफ्फुस पुरत नाही, हृदयाने पंप मारला पाहिजे, रक्तात हिमोग्लोबिन पाहिजे, पायात ताकद पाहिजे, सगळ्यांनी मिळून ओढायचं आहे. ही शिल्लक किती आहे ते खर्च काढल्याशिवाय दिसत नाही. जिन्यावर आपण तो खर्च काढून बघतो, आपल्या डोळ्यासमोर, थांबवता येईल अशा जागी. ऑपरेशन टेबलावरून उतरल्यावर थांबवता येत नाही.

सर्जन लोक हिशेब कसा करतात तोही गंमतीचा आहे, म्हणजे गंमतीचा नाही पण मला आवडतो. फुफ्फुसाचे १९ भाग धरतात, उजवीकडे १०, डावीकडे ९. उजवा वरचा लोब, म्हणजे फुफ्फुसाचा वरचा मोठा कप्पा, ३ भागांचा, मधला २, खालचा ५. डावा वरचा ५, खालचा ४. जेवढे भाग जाणार तेवढे १९ मधून वजा. समजा एफईव्ही वन निरोगी माणसाच्या मानाने ५८ टक्के आहे आणि उजवा वरचा लोब काढायचा, तर ५८ गुणिले १६ भागिले १९, साधारण ४९ टक्के उरणार. तसंच डीएलसीओचं. मग अमेरिकन चेस्ट फिजिशियन्सच्या २०१३ च्या गाइडलाइनप्रमाणे, उरणारे दोन्ही आकडे ६० च्या वर असतील तर पुढच्या टेस्टची गरज नाही. कुठलाही एक ३० च्या खाली गेला तर थेट मोठी टेस्ट, सीपेट, मास्क लावून सायकल चालवायची ती. आणि मधले जे असतात, ६० च्या खाली पण ३० च्या वर, ते आमच्याकडे येतात, जिना नाहीतर शटल वॉक. हृदयाचा इतिहास असेल तर आधी कार्डिओलॉजिस्ट, मग मी, तो क्रम मोडायचा नाही.

यात एक फट आहे आणि आपल्याकडे ती फार दिसते. आपल्याकडे सगळी ऑपरेशनं कॅन्सरची नसतात, टीबीने खराब होऊन गेलेला लोब काढायलाही पेशंट येतात, जुनी पोकळी, त्यात बुरशीचा गोळा, वारंवार खोकल्यातून रक्त. आता तो लोब आधीच काम करत नाहीये, तर तो काढल्याने काय कमी होणार? तिथे १९ चा हिशेब सरधोपट लावला की माणूस उगाच अनफिट निघतो, फक्त चालू भागच मोजायचे असतात. आणि अख्खं फुफ्फुस काढायचं असेल तर हे बोटावरचं गणित नाहीच वापरायचं, रक्तपुरवठ्याचा स्कॅन करून कुठलं फुफ्फुस किती काम करतंय ते बघतात. (अख्खं फुफ्फुस काढून माणूस जगतो का, हे विचारणाऱ्यांसाठी: १९३३ साली अमेरिकेत सेंट लुईसला एव्हार्ट्स ग्रॅहम नावाच्या सर्जननी कॅन्सरसाठी एक अख्खं फुफ्फुस काढलं, पेशंट स्वतः डॉक्टर होता, जेम्स गिलमोर. तो पेशंट सर्जनपेक्षा जास्त जगला. ग्रॅहम सिगारेट ओढायचे, १९५७ मध्ये फुफ्फुसाच्याच कॅन्सरने गेले.)

बरं, आता काकांची गोष्ट, कारण ही पोस्ट खरं तर त्यांच्यामुळे लिहायला घेतली. काटोलकडचे संत्र्यावाले, साठी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, चाळीस वर्षं बिडी, गाठ निघाली तेव्हा सोडली. वर दिलेले ५८ वगैरे आकडे त्यांचेच, डीएलसीओ ५४. एका ठिकाणी त्यांच्या मुलाला सांगितलं गेलं की फुफ्फुस कमजोर आहे, ऑपरेशन झेपणार नाही, आणि तो बिचारा तेवढ्यावर खचून बसला होता. काका मात्र चिडलेले. "मॅडम, फुकून फुकून त थकलो मी, आता हे काऊन चढवून राहिल्या?"

मी म्हटलं काका तुमच्या चालीने चढा, पळायचं नाही, कठडा फक्त तोल सांभाळायला, त्याला धरून स्वतःला वर ओढायचं नाही, आणि थांबावंसं वाटलं की थांबा, मी "चला चला अजून थोडं" म्हणणार नाही. हे शेवटचं पाळणं फार अवघड असतं हो, आपल्या लोकांना टाळ्या वाजवून माणसाला वर चढवायची हौस असते, नातेवाईक खालून ओरडतात "बाबा जमते जमते!", म्हणून मी नातेवाईकांना खाली चहाला पाठवते. सोबत सिस्टर, प्रत्येक लँडिंगवर एक स्टूल, लहान सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर तयार. वेळ सकाळी साडेसात, कारण एक तर नंतर ऊन, आणि दुसरं म्हणजे भेटायची वेळ सुरू झाली की जिन्यावर डबे सोडून लोक जेवायला बसतात, आणि त्यांच्यात वाट काढत कोणाची टेस्ट घेणार.

काका चढले. बेसमेंट, तळ, पहिला, दुसरा. मी मागे एक पायरी सोडून, नजर ऑक्सिमीटरवर. ९६ ने सुरू झालेलं, ९५, ९४. दम किती लागला ते विचारायला एक स्केल असतो, बोर्गचा, शून्य ते दहा. मी विचारलं काका शून्य ते दहामध्ये किती? म्हणे दहा. अहो दहा म्हणजे आता जीव जातो असं! म्हणे मग शून्य. हा प्रकार माझ्याकडे रोज होतो, पण त्या दिवशी मला काय सुचलं कोणास ठाऊक, म्हटलं काका रुपयात सोळा आणे, तुमचा दम किती आणे? एका क्षणात उत्तर, "सहा आणे." पुढच्या मजल्यावर "आठ." चौथ्याला "दहा आणे, पन चालते." तेव्हापासून साठीच्या वरच्या सगळ्यांना मी आण्यातच विचारते आणि घरी येऊन गुणाकार करते. शास्त्रशुद्ध आहे का, नाही. पण पेशंट मजल्यामजल्याला वेगळं उत्तर देतो, आणि ते माझ्या डोळ्यांना दिसतं त्याच्याशी जुळतं, मला तेवढं पुरतं.

गच्चीचं दार आलं. "अजून हायेत का पायऱ्या?" नव्हत्या ना. १३० पायऱ्या, २१.२० मीटर, सॅच्युरेशन ९३, न थांबता. आणि मी तिथे दारात उभी, ८० सेंटिमीटरसाठी.

सरांना फोन केला, म्हटलं सर बिल्डिंग संपली, पेशंट नाही संपला. ते हसले, म्हणाले तसंच लिहा, थांबण्याचं कारण, बिल्डिंग. आणि शक्य असेल तर शटल करून घ्या.

शटल वॉक ही सपाटीवरची बहीण आहे जिन्याची. १९९२ मध्ये इंग्लंडात लेस्टरला सॅली सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली. दोन कोन, म्हणजे खेळाच्या मैदानावरचे शंकू, ठेवायचे ९ मीटरवर, वळायला दोन्हीकडे अर्धा अर्धा मीटर, म्हणजे एक फेरी १० मीटरची. रेकॉर्डवर बीप वाजतो, बीपच्या आत समोरच्या कोनाला पोचायचं. पहिल्या मिनिटाला तीनच फेऱ्या, एवढं हळू की पेशंटला वाटतं ही काय थट्टा आहे, फुटाळा तलावावर लोक याच्यापेक्षा जोरात फिरतात. मग दर मिनिटाला एक फेरी वाढते, बीप जवळ जवळ यायला लागतात, आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला सगळी थट्टा उतरते. कोनापासून अर्ध्या मीटरपेक्षा जास्त मागे राहिला की टेस्ट संपली. बारा लेव्हल, पूर्ण केल्या तर १०२० मीटर. ऑपरेशनवाल्यांसाठी रेषा ४०० मीटरची, म्हणजे ४० फेऱ्या. हिशेब केला तर सहा लेव्हल मिळून ३३ फेऱ्या होतात, तेव्हा ४० वी फेरी सातव्या मिनिटात येते आणि तिथे वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास असतो, झपझप चालणं म्हणतो तो. इंग्लंडातल्या गाइडलाइनमध्येही हाच ४०० चा आकडा आहे.

आम्ही जागा शोधली ती ओपीडीच्या मागचा कॉरिडॉर, रविवारी रिकामा असतो. कोन मी सीताबर्डीवरून खेळाच्या दुकानातून आणले होते, स्वतःच्या पैशाने, बिल अजून पास व्हायचं आहे. बीप मोबाइलवर, ब्लूटूथ स्पीकरला जोडून. काका पहिल्या तीन मिनिटांत कंटाळले, "हे काय भोंगे वाजवून राहिल्या", आणि मग हळूहळू बोलणं बंद, हात हलायला लागले, मान पुढे. ४१ फेऱ्या. ४१० मीटर. थांबण्याचं कारण, पाय. दम बारा आणे.

ऑपरेशन झालं त्यांचं. तिसऱ्या दिवशी वॉर्डात छातीतल्या नळीची बाटली हातात धरून चालत होते आणि शेजारच्या खाटेवाल्याला आण्यांचा हिशेब समजावून सांगून राहिले होते.

पण असं वाटू नये की टेस्ट म्हणजे लोकांना पास करायची युक्ती आहे. त्याच महिन्यात दुसरे एक गृहस्थ आले होते, सत्तावन्न वर्षांचे, ऑफिसातले, शर्ट इन केलेला, फुंकायचा रिपोर्ट चांगला, एफईव्ही वन ७८. डावा खालचा लोब काढायचा होता, उरले असते साधारण ६२ टक्के. डीएलसीओ मात्र ७० होता, तो ५५ वर येत होता, फक्त त्यामुळे माझ्याकडे पाठवले. मुलगा सोबत, त्याला वेळ नव्हता, "नॉर्मल तर आहे ना मॅडम, फॉर्मॅलिटी असेल तर लिहून द्या." जुनी मी असते तर तिसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन लिहून दिलंही असतं, काय सांगावं.

पहिल्या मजल्यापर्यंत ते माझ्याशी मुलाच्या नोकरीबद्दल बोलत होते. त्याच्या पुढच्या लँडिंगनंतर बोलणं तुटलं. ५८ व्या पायरीला थांबले, कठडा धरला, आणि सॅच्युरेशन ९७ वरून ८८. नऊ टक्के खाली. चारपेक्षा जास्त उतरलं की आम्ही तसंही लाल पेनाने लिहितो. ९.६८ मीटर. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं होतं, म्हणे मी तर लिफ्टनेच जातो ना नेहमी, कधी कळलंच नाही. ऑफिसात लिफ्ट, घरी लिफ्ट, मॉलमध्ये सरकता जिना. काकांना स्वतःच्या दमाचा हिशेब रोज बागेत कळत होता, यांना कळायची सोयच नव्हती.

त्यांची मग सीपेट झाली, जिथे ती सोय आहे तिथे पाठवून. मास्क लावून सायकल, शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, वजनाच्या प्रत्येक किलोमागे मिनिटाला इतके मिलिलिटर. २० च्या वर असेल तर धोका कमी, १० च्या खाली फार जास्त. यांचा १२ आला. म्हणजे नाही म्हणण्याइतका खाली नाही, पण खुशाल अख्खा लोब काढा असाही नाही. सरांनी त्यांना आणि मुलाला बसवून सगळं सांगितलं, शेवटी लोबऐवजी लहान तुकडा काढायचं ठरलं, आणि त्याआधी तीन आठवडे माझ्याकडे रोज, श्वासाचे व्यायाम, सायकल, चालणं, आणि सिगारेट बंद. (हो, ओढत होते. घरी माहीत नव्हतं. फिजिओला लोक काय काय सांगतात, डॉक्टरला नाही सांगत.) ऑपरेशन बरं झालं, ऑक्सिजन सुटायला चार दिवस जास्त लागले. टेस्ट नसती तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही, कोणीच नाही सांगू शकत.

आणि गुडघे. अरे बापरे, गुडघे. हिंगणघाटच्या एक मावशी, टीबीने गेलेला लोब, चाळीस पायऱ्यांवर थांबल्या, दम फक्त चार आणे, पण गुडघा धरून बसल्या. आता हे फुफ्फुसाचं अपयश लिहायचं का? नाही. पण "गुडघ्यामुळे टेस्ट झाली नाही" असं लिहून सूट द्यायची का? तेही नाही, कारण त्याच इटलीच्या टीमनी हेही बघितलं होतं की जे काही कारणाने व्यायामाची टेस्ट करूच शकत नाहीत त्यांच्यात ऑपरेशननंतर मृत्यू जास्त होतात. पटतं पण. ज्याला आधी चालता येत नाही तो नंतर दुसऱ्या दिवशी उठून काय चालणार, आणि झोपून राहिला की कफ बसतोच. म्हणून मी आता कागदावर थांबण्याचं कारण पेशंटच्या शब्दांत लिहिते. "दम कोंडला", "पाय भरून आले", "गुडघा", "चक्कर", "कंटाळा आला". शेवटचं खरंच एकाने सांगितलं होतं.

सहा मिनिटांच्या चालण्याबद्दल मेसेज येतील म्हणून आधीच लिहिते. सगळ्यांना ती टेस्ट माहीत आहे, करायला सोपी आहे, ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर आणि घड्याळ, आणि जुनाट दम्याच्या, सीओपीडीच्या पेशंटमध्ये मीही रोज करते. पण फुफ्फुस काढायला कोण योग्य हे ठरवायला ती वापरू नका असं युरोपच्या २००९ च्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे, कारण त्यात पेशंट स्वतःच्या सोयीने चालतो, मध्ये उभा राहतो, पुन्हा चालतो, बऱ्याच जणांची शिल्लक त्यात तळाला लागतच नाही. तरी आपल्याकडे फाइलमध्ये तीच लावलेली असते, सहा मिनिटं, इतके मीटर, फिट. मी कोणाला नावं ठेवत नाही, माझे तीन मजले याच्यापेक्षा वाईट होते.

टेप लावून आल्यावर त्याच आठवड्यात मी जिन्याच्या भिंतीवर खुणा केल्या. निळ्या मार्करने लहान रेषा, बाजूला मीटर. १२ मीटरची रेषा दुसऱ्या मजल्याच्या वर नवव्या पायरीवर येते, ती जरा जाड काढली. ऑफिसनी विचारलं हे काय लिहिलंय, मी सांगितलं पेशंटसाठी आहे, मान हलवली, गेले. आठ महिने मस्त चाललं, सिस्टर लोकांना पाठ झालं, एक आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलातला निवासी डॉक्टर, तर स्वतः रोज गच्चीपर्यंत वेळ लावून चढायला लागला.

दिवाळीच्या आधी बिल्डिंगला रंग दिला. छान क्रीम कलर. सोमवारी सकाळी साडेसातला पेशंट उभा, मी उभी, सिलिंडर तयार, आणि भिंत कोरी. सिक्युरिटीचे भाऊ लांबूनच माझं तोंड बघून म्हणाले, "मॅडम, टेप आणू का?"